सत्तर रुपयांचं धुकं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत मी पहिला मोबाइल गेम करायला घेतला. पावसाळ्यातली पहाट, पन्हाळ्यासारखा गड, कंदील घेऊन फिरणारा पहारेकरी, एवढीच गोष्ट. कोडिंग जमायचं, चित्रकला यथातथाच. म्हणून साडेचार हजार मोजून तयार चित्रांचे तीन संच घेतले. झाडं एकातली, दगड दुसऱ्यातले, आभाळ तिसऱ्यातलं. स्क्रीनवर गड सोडून जत्रेतलं खेळण्यांचं दुकान उभं राहिलं.

ते मी ओळखीच्या पेंटरकाकांना दाखवलं. त्यांचं आयुष्य नाटकांचे पडदे आणि बोर्ड रंगवण्यात गेलेलं. फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून ते म्हणाले, "लेका, सगळंच ओरडायला लागलंय की ह्यात. तुझा पहारेकरी कुठाय?" मलाही तो शोधावाच लागला.

मग त्यांनी पडद्यांचं गणित सांगितलं. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या तटावर उभं राहा: जवळचा बुरूज काळा, पुढची टेकडी करडी, तिच्यामागची निळसर, शेवटची आभाळात विरलेली. मधल्या दमट हवेत प्रकाश विखुरतो, म्हणून लांबचं फिकं दिसतं. रंगमंचावर मागचा पडदा फिका आणि पुढची कापीव झाडं गडद ठेवतात ती याचसाठी. आपले बाबुराव पेंटरही सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदेच रंगवायचे.

गेममध्ये यात सरकणं मिसळलं की झालं पॅरलॅक्स: मागचा थर हळू, पुढचा भरभर. मी पाच थर ठेवले, पाचही एकाच निळ्याच्या छटा. पिवळा फक्त कंदिलाला. पुढचा थर नुसती गडद आकृती, त्यामुळे पानं-दगड रेखाटायची कटकटच मिटली. आमच्यासारख्या कच्च्या हातांना आणखी काय पाहिजे!

कंदिलाचा उजेड पडतो तेवढ्या भिंतीला मात्र खरा पोत लागला. तो पन्हाळ्यावरच्या 'तीन दरवाजा'च्या दगडांवरून फोनने टिपला. ढगाळ दिवशीच जा. उन्हातल्या फोटोत सावल्या चिकटून येतात आणि मग कंदील डावीकडे, सावलीही डावीकडे असला घोटाळा होतो.

धुक्याला सत्तर रुपये लागले, कागद आणि शाईचे. जाड ड्रॉइंग पेपर ओला केला, काळ्या शाईचे थेंब सोडले आणि कागद तिरका धरून ती पसरू दिली. पहिले चार कागद वाया गेले, पाणी जास्त. पाचव्यावर शाईच्या कडा हव्या तशा फुटल्या. वाळल्यावर फोटो काढून क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग उलटे केले: शाई पांढरी झाली, कोरा कागद काळा. काळं पारदर्शक केलं की उरतं ते धुकं. धुक्याची पट्टी सलग फिरावी म्हणून चित्र अर्ध्याने सरकवून मधोमध आलेला सांधा ब्रशने पुसला. क्रिटा फुकट, गेम बनवायचं गोडो इंजिनही फुकट. गूगल प्लेवर गेम टाकायचं खातं उघडायला तेवढे एकदाच 25 डॉलर लागतात.

हौसेने धुक्याच्या नऊ पट्ट्या चढवल्या. लॅपटॉपवर मस्त चाललं, मावसभावाच्या जुन्या फोनवर पाच मिनिटांत फोन तापला. एकावर एक पारदर्शक थर म्हणजे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवणं. आता दोनच पट्ट्या हलतात, बाकीचं धुकं मागच्या चित्रातच रंगवून टाकलंय. आकारही उगाच मोठा ठेवला होता. 2048 बाय 2048 चं चित्र कॉम्प्रेशन नसेल तर मेमरीत 16 एमबी खातं, 512 चं फक्त 1 एमबी. धुसरच दिसायचं तर बारीक तपशील हवाय कोणाला?

सगळं झाल्यावर दुपारी रंकाळ्याच्या काठावर मित्राच्या हातात गेम दिला. त्याने स्क्रीनवर तळहाताची सावली धरली आणि म्हणाला, "भावा, फोन बंद पडलाय काय?" त्या रात्री सगळ्यात गडद छटा जवळजवळ काळ्यावरून गर्द निळ्यावर आणली. तेव्हापासून नवा सीन आधी रंकाळ्यावर, भर उन्हात बघतो.