लू डोनाल्डसनच्या फंकी रेकॉर्ड घेताय? या चुका टाळा

'हॉट डॉग' पहिल्यांदा लावली तेव्हा मी सुई पुसली, टोनआर्मचं वजन तपासलं, बेल्ट काढून परत चढवला. सॅक्सोफोनचा आवाज विचित्र जाडसर येत होता, जणू दोघं एकच चाल वाजवताहेत. विकणाऱ्याला तक्रारीचा मेलसुद्धा लिहून ठेवला होता. बरं झालं पाठवला नाही.

दोष कशातच नव्हता. १९६९च्या या रेकॉर्डवर जॅझवादक डोनाल्डसन विजेवर चालणारा सॅक्सोफोन वाजवतो. सेल्मर कंपनीचं 'व्हॅरिटोन' हे उपकरण वाद्यातला सूर पिकअपने उचलून ॲम्प्लिफायरकडे पाठवतं. तिथे त्याला खालच्या सप्तकातला जोडसूर देता येतो, शिवाय प्रतिध्वनी आणि कंपही. 'से इट लाऊड!' या त्याच्या रेकॉर्डवरही हेच आहे. मला स्वतःला त्याचा साधा आल्टो सॅक्सोफोनच जास्त भावतो, जॅझवादक चार्ली पार्करच्या वळणाचा. पण न आवडणं वेगळं आणि रेकॉर्ड खराब असणं वेगळं.

खर्जातल्या गुणगुणीचं मात्र उलटं होतं. त्याच्याच 'ॲलिगेटर बोगालू'मध्ये बेस वाजवणारा कुणी नाही, ते काम लॉनी स्मिथचा ऑर्गनच करतो. खाली सतत काहीतरी घुमत असतं, म्हणून खरी गुणगुणही संगीतातच जमा होते. सुई उचला. आवाज तरीही राहिला, तर बहुधा टर्नटेबलची अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरला नीट जोडलेली नाही.

जुनी प्रत घेणारे 'कान' शोधत बसतात. डोनाल्डसनच्या या रेकॉर्ड काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर, गाणं संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत, कानासारखी दिसणारी एक खूण असते. ती रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टीलाइट कारखान्याची. पण ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली आणि १९६६ मध्ये प्लास्टीलाइटचं काम थांबलं. 'ॲलिगेटर बोगालू' ध्वनिमुद्रित झाली ७ एप्रिल १९६७ रोजी. तिच्यावर कान कुठून येणार? तिथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या 'व्हॅन गेल्डर'च्या नावाचा शिक्का आणि लेबलवर लिबर्टीचं नाव बघा. 'कान नाही, म्हणजे नकली' असं म्हणून मित्राने एक चांगली प्रत सोडली होती, त्याची हळहळ मलाच जास्त आहे.

नावांचा घोळ वेगळाच. 'ॲलिगेटर बोगालू'वरचा ड्रमर लिओ मॉरिस म्हणजेच पुढचा इद्रिस मुहम्मद. दोन माणसं नव्हेत. याउलट ऑर्गनवाला लॉनी स्मिथ आणि 'कॉस्मिक एकोज' या बँडचा लॉनी लिस्टन स्मिथ ही दोन माणसं. दुकानात त्यांच्या रेकॉर्ड सर्रास एकाच खणात सापडतात. ऑनलाइन शोधतानाही जपा: नाचाचं नाव 'बूगालू', इंग्रजीत दोन 'ओ' लागोपाठ, या रेकॉर्डच्या नावात त्यातला एक गाळलेला आहे. दोन्ही तऱ्हांनी शोधा.

ब्लू नोटच्या नव्या प्रतींच्या दोन मालिकांत 'टोन पोएट' महाग आणि 'क्लासिक व्हायनिल' स्वस्त, म्हणून दुसरी हलकी असं धरून चालू नका. दोन्ही मालिकांचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी आवाजाला दिलेला शेवटचा हात, केविन ग्रे करतो. फरक छापणाऱ्या कारखान्यात आणि कव्हरच्या पुठ्ठ्यात आहे. कव्हरवरच्या फोटोंचं वेड असेल तर महाग घ्या, नुसतं ऐकायचं असेल तर उरलेल्या पैशांत चांगली सुई येते.

आणि डोनाल्डसनच्याच 'द स्कॉर्पिअन'ची सत्तरच्या दशकातली 'मूळ प्रत' कुणी विकायला काढली, तर तिथून निघा. न्यूअर्कच्या कॅडिलॅक क्लबमधली ही मैफल ७ नोव्हेंबर १९७०ची, पण ती पहिल्यांदा बाहेर आली १९९५ मध्ये.