घरच्या घरी एकेका कानाचं ऐकणं तपासताय? मग या चुका टाळा

घरातलं मोठं माणूस टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं की कुणीतरी मागून टाळी वाजवून बघतं, त्यांनी वळून पाहिलं की झालं, कान ठीक आहेत म्हणायचं. पहिली चूक हीच. वयामुळे आधी कमी होतं ते बारीक, उंच पट्टीचं ऐकणं, म्हणजे स, श, च, ट, फ असली व्यंजनं निसटतात, पण टाळी, दार आपटणं, भांडं पडणं हे बराच काळ व्यवस्थित ऐकू येत राहतं. म्हणूनच ही माणसं म्हणतात, "ऐकू येतं रे, पण काय बोललास ते कळत नाही". हे काही टाळाटाळीचं नाटक नसतं, त्यांच्यापर्यंत शब्द खरंच अर्धवट पोचतो.

आणि सगळ्यात जास्त घोळ घालतो तो दुसरा कान. नुसता हाताने झाकला तरी तो ऐकतच असतो, कमजोर कानाचं काम तोच करून टाकतो आणि आपण खूश. त्याला गुंतवून ठेवायला लागतं. कानाच्या भोकापुढे छोटा मऊ उंचवटा असतो ना, तो बोटाने आत दाबून हळूहळू गोल चोळत राहायचा. आता ज्या कानाची तपासणी आहे त्या बाजूला, पण थोडं मागे, साधारण 60 सेंमी म्हणजे हातभर अंतरावर उभं राहा, ओठ दिसता कामा नयेत कारण ऐकू कमी येणारे लोक नकळत ओठ वाचतात. श्वास पूर्ण सोडा आणि मग कुजबुजा, भरल्या छातीने बोललं की आवाज चढतोच. "झोप झाली का?" असलं रोजचं वाक्य नको, ते अंदाजाने ओळखतात. "4-क-7" असं काहीतरी बोला आणि तसंच परत म्हणायला सांगा. चुकलं तर दुसरे तीन, आणि एकूण 6 पैकी निदान 3 बरोबर आले तर तो कान या चाचणीत पास. दुसऱ्या कानाला नवीन आकडे-अक्षरं घ्या, तीच घेतली तर पाठ झालेली असतात. पंखा, टीव्ही बंद हे सांगायला नकोच.

ऐकणं तपासायच्या ॲपने बघत असाल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे का आणि मोनो ऑडिओ बंद आहे का ते बघा, मोनो चालू असेल तर दोन्ही कानांत एकच आवाज जातो. एका बाजूला कमी आलं तर लगेच घाबरू नका, हेडफोन उलटे घालून परत करा. कमीपणा दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा, त्याच कानात राहिला तर मात्र कानाचा. आवाज खूप मोठाही ठेवू नका, तो कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानात पोचतो, आणि ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची ऐकण्याची तपासणी करताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडतात ती याचसाठी.

कानात मळ असला तर सगळीच तपासणी फसते. तोंड मिटून "हंऽऽ" करून बघा, कमी ऐकणाऱ्या कानातच ते जास्त घुमत असेल तर मळ किंवा मधल्या कानाचं काहीतरी असू शकतं. काडी, पिन घालून काढायला जाऊ नका, मळ अजून आत ढकलला जातो, पडद्याला इजा होते ती वेगळीच.

आता सर्वात महत्त्वाचं. वयामुळे ऐकणं सहसा दोन्ही कानांत जवळपास सारखंच कमी होतं. एका कानात स्पष्ट फरक दिसला, किंवा एकाच कानात सतत शिट्टी वाजते, तर कृपया "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, कारण क्वचित त्यामागे ऐकण्याच्या नसेवरची गाठही असते. आणि एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर घरच्या चाचण्या करत बसायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि जितका उशीर तितका उपयोग कमी.