बायबलातलं जुनं लिखाण घरबसल्या कसं तपासायचं

पारावर बायबलावरून वाद निघाला की एक म्हणते हे सारं मागाहून घुसडलं, दुसरा म्हणते काना-मात्राही बदलला नाही, अन् पुस्तक दोघांनीबी उघडलेलं नसते.

भाऊ, आधी दोन प्रश्न वेगळे करा. लिहिलेलं जसंच्या तसं आपल्यापर्यंत आलं का हा एक, अन् लिहिलं ते घडलं का हा दुसरा. पहिल्यात पास झालं म्हणून दुसऱ्यात आपोआप पास होत नाही.

पहिल्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलात येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाचा, 16 वा अध्याय काढा. कोडेक्स सिनायटिकस ही चौथ्या शतकातली हस्तलिखित प्रत इंटरनेटवर फुकटात दिसते, तिच्यात मार्क 8 व्या वचनालाच थांबते, 9 ते 20 नाहीच. आपल्याले यात नवल वाटू नये, लीळाचरित्राच्या पोथ्यांतही पाठभेद आहेत, म्हणून महानुभावांच्या रिद्धपुरात कोणी ते लिहिणाऱ्या म्हाइंभटाले खोटं म्हणत नाही.

दुसऱ्यासाठी पौल या येशूच्या सुरुवातीच्या प्रचारकाची पत्रं घ्या, ती शुभवर्तमानांच्याही आधीची, साधारण इ.स. 50 च्या दशकातली. मोबाईलवर मराठी बायबलचं ॲप टाका अन् त्याच्याच गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय वाचा. येशूचे पहिले अनुयायी ज्यूच होते, सुंता अन् खाण्यापिण्याचे नियम पाळणारे, आणि ज्यू नसलेल्यांनीही ते पाळायचे का, भांडण नेमकं त्याच्यावरूनच. येशूचा मोठा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात ज्यू नसलेल्यांच्या पंगतीला बसत होता, येशूचा भाऊ याकोब याच्याकडची माणसं आली तसा मागं सरला, अन् पौलानं त्याले सगळ्यांसमोर झापलं! आता बायबलातलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, 15 वा अध्याय लावून पहा, तिथं सभा बसते, सारं समजुतीनं मिटते, पेत्राच्या त्या पंगतीचं नावच नाही. आपल्याच मोठ्या माणसांची फजिती कोणी उगाच लिहून ठेवत नाही, म्हणून भांडण झालं हे मी खरं धरतो. पण ही एकट्या पौलाची बाजू आहे, पेत्राचं म्हणणं आपल्या हाती नाही, तेवढं ध्यानात ठेवायचं.

मग बाहेरचा साक्षीदार शोधा. जोसेफस हा ज्यू इतिहासकार, येशूचा अनुयायी नाही, त्यानं इ.स. 93-94 च्या सुमारास लिहिलेल्या ज्यूंच्या इतिहासात, 20 व्या भागात, महायाजकानं त्याच याकोबाले, येशूच्या भावाले, धोंडमारीची शिक्षा दिल्याचं येते, ही गोष्ट इ.स. 62 ची. त्याच ग्रंथाच्या 18 व्या भागात येशूवर एक उतारा आहे, तो लोक लय जोरात फॉरवर्ड करतात, पण त्यात मागाहून प्रती उतरवणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी भर घातली असं बहुतेक अभ्यासक मानतात, तर वादात 20 वा भाग बिनधास्त काढा, 18 वा काढला तर हे आधी सांगूनच काढा.