पीएचडी संशोधन केंद्रातला विद्यार्थी प्रतिनिधी: जागा कशी मिळवायची, काम कसं चालवायचं

नाशिकमध्ये पीएचडी करणाऱ्या अनेकांचं संशोधन केंद्र इथल्या महाविद्यालयात असतं आणि नोंदणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे. त्यामुळे प्रतिनिधीला पहिल्याच आठवड्यात एक वाटणी कागदावर मांडावी लागते. प्रगती अहवाल, संशोधन सल्लागार समितीच्या (आरएसी) तारखा, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि फेलोशिपच्या कागदांवरच्या सह्या ही कामं केंद्राची. नोंदणी, परीक्षकांची नेमणूक, व्हायवा (तोंडी परीक्षा) ही विद्यापीठाची. ही वाटणी केली नाही तर प्राचार्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्यांच्याकडे चकरा होतात, आणि जे काम त्यांच्या एका सहीने झालं असतं त्यासाठी सिन्नर-संगमनेरमार्गे पुणं गाठलं जातं. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ यांचे कायदे स्वतंत्र आहेत, अनुक्रमे १९९८ आणि १९८९ चे. तिथल्या संशोधकांनी आपापल्या विद्यापीठाचे पीएचडी नियम हाताशी ठेवावेत.

प्रतिनिधी लागतोच कशाला, हे नियमांच्या रचनेतच आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ७ नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र आरएसी असते आणि तिचा निमंत्रक खुद्द मार्गदर्शक असतो. मार्गदर्शक वेळ देत नाहीत, ही गोष्ट संशोधक त्याच मार्गदर्शकांनी बोलावलेल्या बैठकीत कशी बोलणार? दहा जणांची तीच अडचण असली तरी प्रत्येकाला ती आपली एकट्याचीच वाटते. ती नावं न घेता एकत्र मांडणारं कुणीतरी हवं.

नियमाने आधीच दिलेल्या जागा आधी भरा. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तेव्हा, तीन विद्यार्थी सदस्य असतात. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे त्यातला एक संशोधक विद्यार्थी असतो आणि तोही निवडून आलेला. विद्यार्थी तक्रार निवारण समितीवर २०२३ च्या नियमांनुसार एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो, मुदत एक वर्ष. महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही (आयक्यूएसी) विद्यार्थ्यांची जागा असते. ती बहुधा पदवीच्या विद्यार्थ्याकडे जाते. एखाद्या वर्षी संशोधकाला द्यावी असं लेखी सुचवायला हरकत नाही.

केंद्राच्या संशोधन समितीत मात्र यूजीसीच्या नियमाने अशी जागा नाही. ती ठरावाने मिळवायची. त्याआधी निवड करा. दोन प्रतिनिधी असावेत, एक कोर्सवर्कच्या, म्हणजे सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या, टप्प्यातला आणि एक तीन वर्षं पूर्ण केलेला, कारण दोघांच्या अडचणी अगदी वेगळ्या असतात. दोघांचे मार्गदर्शक एकच नसावेत. प्रबंध सादर करण्याच्या वर्षातल्या कुणालाही गळ घालू नका. मालेगाव, येवला, कळवणला शिकवून अर्धवेळ पीएचडी करणारे आठवड्याच्या मधल्या वारी येऊ शकत नाहीत, म्हणून मतदान शनिवारी दुपारी किंवा ऑनलाइन फॉर्मवर घ्या. मधल्या वारी घेतलं तर निम्मं केंद्र बाहेर राहतं आणि मग निवडीला वजन उरत नाही.

अर्ज केंद्रप्रमुखांच्या नावे, प्रत प्राचार्यांना. मजकूर एवढाच:

«केंद्राच्या संशोधन समितीच्या बैठकीस संशोधकांनी निवडलेल्या दोन प्रतिनिधींना निमंत्रित म्हणून बोलवावे. विषयपत्रिका सात दिवस आधी आणि इतिवृत्त पंधरा दिवसांत मिळावे. प्रवेशाच्या मुलाखती, गुण आणि कोणत्याही एका संशोधकाचे मूल्यमापन या विषयांवेळी प्रतिनिधी स्वतःहून बाहेर थांबतील.»

शेवटचं वाक्य गाळू नका. गोपनीयता हाच सहसा पहिला आक्षेप असतो, आणि तो तुम्हीच आधी मिटवलेला असला की नकार देणं अवघड जातं. मतदानाचा हक्क पहिल्याच अर्जात मागू नये. आधी खोलीत बसायला मिळणं महत्त्वाचं. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी «बघू» म्हणजे काहीच नाही.

आता विषय कसा मांडायचा. «आरएसी वेळेवर होत नाही» असं लिहिलं की उत्तर येतं, «लक्ष घालू». त्याऐवजी असं लिहा (आकडे नमुन्याचे आहेत):

«विषय ४. नियमानुसार दर सत्रात एकदा आरएसीपुढे सादरीकरण आवश्यक आहे. चालू सत्रात १८ पैकी ७ संशोधकांची बैठक झालेली नाही. प्रस्ताव: सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांत तारखा फलकावर लावाव्यात; एका विषयाच्या सर्व बैठका एकाच दिवशी घ्याव्यात.»

यात नियम आहे, आकडा आहे, उपाय आहे आणि कुणाचंही नाव नाही. एकाच दिवशी बैठका घेण्याचा फायदा असा की बाहेरगावचा सदस्य असला तरी त्याला एकदाच यावं लागतं. तारखा बहुतेक वेळा तिथेच अडकतात. बैठक झाली की शिफारशींची प्रत संशोधकाला मिळते का, हेही विचारा. ती देणं नियमात आहे, आणि पुढे प्रगती असमाधानकारक ठरवली गेली तर हाच कागद कामी येतो.

असा आकडा काढायला नोंदवही लागते. संशोधकांच्या संमतीने प्रत्येकाची प्रवेशाची तारीख, कोर्सवर्क, शेवटची आरएसी आणि मुदत संपण्याची तारीख लिहा. २०२२ च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन, म्हणजे एकूण दहा. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मात्र हे नियम लागू होण्याआधी नोंदणी झालेल्यांना जुने, २००९ किंवा २०१६ चे नियम लागतात. एकाच केंद्रात शेजारी बसणाऱ्या दोघांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून वहीत तोही रकाना ठेवा. प्रबंध दिल्यावर व्हायवाच्या निकालासकट सगळं सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवं. ही तारीखही लिहून ठेवा.

फेलोशिप हा वेगळाच विषय, आणि घरभाडं तटलं की संशोधन थांबतं. यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये आहे. कॅनरा बँकेच्या पोर्टलवर संस्थेतला «मेकर» दर महिन्याची हजेरी भरतो आणि «चेकर» ती मंजूर करतो. दोघांपैकी एक रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली की सगळ्यांचे पैसे एकदम अडकतात. उपाय प्रशासकीय आहे: महिन्याची एक ठरलेली तारीख आणि सही करू शकेल असा पर्यायी माणूस, दोन्ही ठरावात नावानिशी. जेआरएफचं एसआरएफ होताना दोन वर्षांनी तीन सदस्यांची समिती आढावा घेते. तिची तयारी दोन महिने आधी सुरू करायला लावा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप घेणाऱ्या संशोधकांची यादी वेगळी ठेवा, कारण त्यांचे अर्ज आणि कागद वेगळे असतात.

एकट्याची तक्रार बैठकीत आणायची नाही. ती लेखी स्वरूपात विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. तुमचं काम तारखावार घटनाक्रम लिहायला मदत करण्यापुरतं. लैंगिक छळाची तक्रार थेट अंतर्गत समितीकडे, शक्यतो तीन महिन्यांच्या आत. तिथे प्रतिनिधीने मध्यस्थी मुळीच करू नये. यातलं काहीही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी स्टाफरूममध्ये पोचतो आणि मग पुढचा संशोधक तोंड उघडत नाही.

इतिवृत्त मिळत नसेल तर दोन लेखी स्मरणपत्रं द्या. तरीही नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हा मार्ग शेवटचा ठेवा, कारण त्यानंतर बोलणं कडवट होतं.

वर्ष संपताना नव्या प्रतिनिधींना सगळी फाइल द्या: आवक क्रमांकाच्या प्रती, इतिवृत्तं, अमलात न आलेल्या ठरावांची यादी आणि नोंदवही. पहिल्या बैठकीला जुन्यांपैकी एकाने सोबत बसावं. «मागच्या वेळी काय ठरलं होतं?» हा प्रश्न तिथे हमखास येतो.