भिगवणच्या पाणथळीवर छायाचित्रण करताना

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगाव परिसरात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला मिळतात. सूर्योदयापूर्वीच नावेत बसावे, कारण कोवळे ऊन लवकरच कडक होते आणि पाण्यावरच्या चकाकीत पिसांची गुलाबी छटा हरवते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल, तर कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन फसते व पिसांतील बारकावे पुसले जातात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रात नोंदला जाणारा प्रकाश, अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

चरणारा थवा माना उंचावून एकाच दिशेने चालू लागला, की तो अस्वस्थ झाला आहे असे समजून नावाड्याला तेथेच थांबण्यास सांगावे. केवळ उड्डाणाच्या छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उठवणे मला अक्षम्य वाटते.

परतल्यावर कॅमेरा लगेच पिशवीत ठेवू नये. काठावर जाळी सोडवणाऱ्या मच्छीमारांशी आधी बोलावे, परवानगी घ्यावी आणि मोठी लेन्स काढून ३५ किंवा ५० मिलिमीटरची लावावी, म्हणजे जवळ जाऊन त्यांच्या हातांची लगबग टिपता येते. काढलेली छायाचित्रे त्यांना आठवणीने पाठवावीत.