आई-बाळाचे गोवर प्रतिपिंड मोजताना या चुका टाळा

सहा महिन्यांच्या बाळाचा एलायझा (रक्तातले प्रतिपिंड रंगावरून मोजणारी किटची चाचणी) निगेटिव्ह आला की फाइलवर लगेच 'संरक्षण नाही' असा शेरा पडतो. सगळ्यात मोठी चूक हीच. शेवटी रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाकल्यावर प्लेटवरची आईची वेल (नमुन्याची खाच) गडद पिवळी होते, बाळाची जेमतेम रंग धरते. पण त्याच बाळाचं सीरम प्लाक न्यूट्रलायझेशनला, म्हणजे सीरम जिवंत विषाणूला किती अडवतं ते पाहणाऱ्या चाचणीला, लावून पाहा. कित्येकदा ते विषाणूला अडवतं. एलायझाचं किट विषाणूला चिकटणारे सगळे आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजतं, त्यात विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीनविरुद्धचे भरपूर. न्यूट्रलायझेशन फक्त विषाणूला पेशीत शिरू न देणारे, मुख्यतः विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एच प्रथिनाविरुद्धचे, प्रतिपिंड मोजतं. पातळी चांगली असली तर दोन्ही निकाल बरेचसे जुळतात, खाली आली की फाटे फुटतात. आणि बाळं नेमकी तिथेच असतात! आईकडून आलेले हे उरलेसुरले प्रतिपिंडही लशीतल्या विषाणूला निकामी करू शकतात. आपल्याकडे एमआर (गोवर-रुबेला) लशीचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर देतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. 2022 मध्ये मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा त्याहून लहान बाळांनाही डोस द्यायचा का, हा प्रश्न उभा राहिलाच होता.

दुसरी चूक 120 च्या आकड्याची, म्हणजे दर मिलिलिटरला 120 मिली-आंतरराष्ट्रीय एकक (mIU/ml) या संरक्षणाच्या सीमारेषेची. बोस्टनमध्ये 1985 च्या साथीआधी रक्तदान केलेल्या विद्यार्थ्यांच्या रक्तावरून तो आला, तोही न्यूट्रलायझेशनने. तो उचलून एलायझाच्या रिपोर्टवर चिकटवू नका. चाचण्यांचे आकडे ज्याच्याशी जुळवून ठरवतात ते जागतिक आरोग्य संघटनेचं तिसरं प्रमाण सीरमसुद्धा न्यूट्रलायझेशनसाठीच ठरवलेलं आहे. म्हणून दोन किटच्या रिपोर्टवर एकच एकक छापलेलं असलं, तरी आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत.

आई आणि बाळाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी, किटच्या वेगळ्या लॉटवर लावणं तर अगदीच टाळा. जोडी एकाच प्लेटवर हवी. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईपेक्षा जास्त आयजीजी दिसलं तर नमुने अदलाबदल झाले असं समजू नका. वार (प्लासेंटा) ते आईच्या रक्तातून बाळाकडे ओढून घेते. अकाली जन्मलेल्या बाळात ते कमी असतं, कारण बरचसं आयजीजी शेवटच्या तिमाहीत जातं. म्हणून फॉर्मवर गर्भाचे आठवडे लिहा, आईला गोवर होऊन गेला की लस मिळाली तेही विचारा.

न्यूट्रलायझेशनआधी सीरम 56 अंशांवर 30 मिनिटं ठेवायला विसरू नका. टाचेतून घेतलेलं रक्त थोडंच असतं, तेव्हा एलायझाला लावण्याआधीच त्यातला एक भाग वेगळा गोठवून ठेवा. बाळाचा निकाल निगेटिव्ह किंवा काठावरचा आला, तर न्यूट्रलायझेशनसाठी तोच लागेल.