उंचवट्याच्या माथ्यावरचा रेझोनन्स: उथळ पाण्याचा कोड कसा सावरला

तळाच्या उंचवट्यावरून वाहणाऱ्या पाण्याचं सिम्युलेशन करताना माथ्यावर डिस्चार्ज (दर सेकंदाला वाहणारं पाणी) एकदम उसळायचा. ग्रिड, म्हणजे गणितासाठी पाडलेले खण, बारीक केली तरी उसळीचं टोक तसंच. तिथला फ्रूड क्रमांक (प्रवाहाचा वेग भागिले लाटेचा वेग) छापून बघितला: बरोबर १ च्या आसपास! म्हणजे प्रवाहाचा वेग लाटेच्या वेगाइतका होतो, एक आयगेनमूल्य (समीकरणांतल्या एका लाटेचा वेग) शून्यावर येतं आणि तळाला चिकटलेल्या स्थिर लाटेच्या शून्य वेगाशी जुळतं. हाच रेझोनन्स, इथं समीकरणांची प्रणाली काटेकोर हायपरबोलिक (सगळ्या लाटांचे वेग वेगवेगळे असलेली) राहतच नाही. माझ्या रो सॉल्व्हरमध्ये (खणांमधला प्रवाह लाटांत फोडून काढणारी पद्धत) सोर्स टर्म, म्हणजे तळाच्या उताराचं पद, नेमकी याच आयगेनमूल्याने भागली जात होती. तो भागाकारच काढला. २००४ साली मांडलेलं हायड्रोस्टॅटिक रिकन्स्ट्रक्शन (खणांच्या सीमेवर तळाची उंची धरून पाण्याची खोली पुन्हा ठरवणं) बसवलं, फ्लक्ससाठी, म्हणजे खणांच्या सीमेवरून जाणाऱ्या प्रवाहासाठी, एचएलएल ही सोपी पद्धत घेतली. उसळी गेली. माथ्यापाशी किंचित चूक उरते, पण आता ग्रिड बारीक केली की ती कमी होते. स्थिर तळ्यातलं पाणीही जागचं हलत नाही.